एकच हेडफोन घ्यायचा, त्यावरच गायचं आणि त्यावरच मिक्स करायचं, तर कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या छोट्या खोलीत स्वतःचं गाणं आणि अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायचंय. हाताशी दोन इनपुटांचा यूएसबी इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि एक कंडेन्सर माइक आहे. आतापर्यंत फोनबरोबर वापरायचा ब्लूटूथ हेडफोन चालवला. त्यात स्वतःचा आवाज मागून, म्हणजे उशिराने येतो, क्लिक (तालासाठी कानात वाजणारी टिकटिक) टेकमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये उतरतो आणि इतक्या मेहनतीने केलेला मिक्स (सगळ्या आवाजांची एकत्र बसवलेली जुळणी) दुसरीकडे वाजवला की बेस गायब. आता एकच हेडफोन घ्यायचा आहे. एक मित्र म्हणतो ओपन-बॅकच घे, दुसरा म्हणतो २५० ओहमचा असेल तरच तो स्टुडिओचा. कोणाचं ऐकायचं?

तूर्तास दोघांचंही नको. तुमच्या तीन तक्रारी एकाच दुखण्याच्या वाटतात, पण त्यांची मुळं वेगवेगळी आहेत. आवाज मागून येतो तो ब्लूटूथमुळे. क्लिक उतरतो तो कपच्या बनावटीमुळे आणि तुम्ही किती मोठ्याने ऐकता त्यामुळे. बेस गायब होतो तो हेडफोनचा स्वतःचा कल तुम्हाला माहीत नसल्यामुळे. महागातला हेडफोन आणला तरी यातली एखादी तक्रार तशीच राहू शकते. म्हणून 'सगळ्यात चांगला कोणता' हे तूर्त बाजूला ठेवू. माइकसमोर डोक्यावर असतो तो हेडफोन आणि मिक्सचा निवाडा करायला लागतो तो हेडफोन, यांची कामं निराळी आहेत. माझ्याकडे त्यासाठी दोन वेगळे आहेत आणि मी त्यांची अदलाबदल सहसा करत नाही. तुम्हाला एकच घ्यायचाय, म्हणजे कुठेतरी तडजोड आली. ती कुठे करायची, एवढंच ठरवायचं आहे.

ब्लूटूथचं आधी उरकते. बिनतारी हेडफोन आवाज दाबून, तुकड्यातुकड्याने पाठवतो आणि पलीकडे तो पुन्हा उलगडतो. यात जाणारा वेळ साधारणपणे १०० मिलिसेकंदांच्या वर असतो. हवेतून आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे १०० मिलिसेकंदांचा उशीर हा ३४ मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाबरोबर ताल धरण्यासारखा. गाणी ऐकताना हे जाणवत नाही, कारण तुलना करायला काही नसतं. गाताना लगेच जाणवतं. तेव्हा वायरचाच हेडफोन घ्या. नॉइज कॅन्सलिंगवालेही या कामाला नकोत. त्यांच्यातला प्रोसेसर आवाजाला स्वतःचा रंग देतो, आणि काही मॉडेल्समध्ये तर वायर लावली तरी तो चालूच राहतो.

वायर लावूनही थोडा उशीर उरतो, तो कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटर आवाज तुकड्यांनी उचलतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (नमुने) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. तो जाताना एकदा आणि येताना एकदा, त्यात कन्व्हर्टरचे (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागाचे) आणखी थोडे. गिटारवाल्याला हे चालून जातं. गाणाऱ्याला पुष्कळदा चालत नाही, कारण त्याचा आवाज हाडांमधून कानापर्यंत आधीच पोचलेला असतो. मागून काही मिलिसेकंदांनी तोच आवाज हेडफोनमधून आला की दोन्ही एकमेकांत मिसळून पोकळ, नळीतून आल्यासारखं ऐकू येतं. तुमच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरकडे न नेता थेट हेडफोनमध्ये देणारं, बटण किंवा नॉब असेल. गाताना ते वापरा आणि सॉफ्टवेअरमधला त्या ट्रॅकचा मॉनिटर बंद ठेवा, नाहीतर आवाज दोनदा येईल.

आता ओपन की क्लोज्ड. ओपन-बॅक हेडफोनच्या कपला मागून जाळी असते, त्यामुळे ड्रायव्हरच्या (कपमधल्या छोट्या स्पीकरच्या) मागचा आवाज आत न अडकता बाहेर निघून जातो. क्लोज्डचा कप मागून बंद असतो. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ आणला तेव्हापासून हा प्रकार लोकांच्या कानांवर आहे, आणि तो मोकळा, सुटसुटीत वाटतो हे खरं. पण मागून निघून जाणारा तो आवाज जातो कुठे? खोलीत. आणि खोलीत तोंडापासून वीतभर अंतरावर तुमचा कंडेन्सर माइक आहे. म्हणजे माइकसमोर क्लोज्ड, यात मला फारसा वाद दिसत नाही. अपवाद एवढाच, की तुम्ही कीबोर्ड किंवा इलेक्ट्रिक गिटार थेट वायरने रेकॉर्ड करत असाल आणि खोलीत माइक चालूच नसेल, तर ओपन-बॅक खुशाल वापरा. सेमी-ओपन नावाचा मधला प्रकारही आहे, एकेजी के२४० हा त्यातला जुना, बऱ्याच स्टुडिओंत दिसणारा. गळतीच्या बाबतीत मी त्याला ओपनच्याच पंगतीत बसवते.

क्लोज्ड घेतला म्हणजे गळती संपली असंही नाही. ती किती आहे हे कानाने ठरवू नका, मोजा. गाताना उभे राहता तसेच माइकसमोर उभे राहा, गाताना लागतो तेवढ्याच आवाजात ट्रॅक आणि क्लिक लावा, आणि तोंड मिटून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग एक कप कानावरून थोडा सरकवून पुन्हा अर्धा मिनिट. दोन्ही तुकडे लागोपाठ ऐका, आणि ऐकताना त्यावर तुमच्या गाण्याला लावता तोच कंप्रेसर (मोठ्या-हळू आवाजांतला फरक कमी करणारं साधन) लावा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. नुसत्या टेकमध्ये क्लिक जवळपास ऐकू येत नाही, पण कंप्रेसरने गाण्याचे हळू भाग १० डेसिबलने वर आणले की दोन ओळींच्या मधली शांतताही तेवढीच वर येते, आणि तिच्यातला क्लिकही. त्यावर रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा) लावला की मग विचारूच नका.

सरकवलेल्या कपच्या तुकड्यात फरक एवढा असतो की पुढे समजावून सांगायची गरजच पडत नाही. गाणारे एक कान मोकळा ठेवतात, त्यात चूक काही नाही. स्वतःचा सूर हवेतून ऐकल्याशिवाय कित्येकांना गाताच येत नाही. फक्त तो मोकळा कप हवेत लोंबकळता ठेवू नका. कानामागे डोक्यावर घट्ट दाबून बसवा आणि शक्य असेल तर ट्रॅक एकाच कानात पॅन करा (वळवा), म्हणजे मोकळ्या कपमधून काही येणारच नाही. ज्यांना अशी सवय आहे त्यांनी कप फिरणारा हेडफोन बघावा. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सचे कप असे फिरतात, सेनहायझरच्या एचडी २५चाही फिरतो.

क्लिकचं आणखी एक. सॉफ्टवेअरमधला टिकटिक करणारा टोकदार क्लिक बदलून त्याजागी जरा बोथट, लाकडी आवाज घ्या. तो कमी पातळीवरही कळतो आणि उतरला तरी गिटारमध्ये लपून जातो. आणि गाण्याच्या शेवटी क्लिक बंद होईल अशी सोय करा. शेवटचा कॉर्ड हळूहळू विरत चाललाय आणि त्याच्याखाली टिक, टिक, टिक ऐकू येतंय, असे कितीतरी टेक माझ्याकडे मिक्सला येतात. सगळं गाणं चांगलं असतं आणि तेवढे शेवटचे चार सेकंद पुन्हा वाजवायची वेळ येते.

हेडफोनचा बेस कपच्या सीलवर अवलंबून असतो. कान आणि पॅड यांच्यामध्ये फट राहिली की खालच्या पट्टीतला आवाज तिथून निसटतो. चष्म्याची काडी ही अशी फट हमखास करते, जाड केसही करतात. चष्मा लावून एकदा आणि काढून एकदा तोच बेसचा तुकडा ऐकून बघा. काहींच्या हेडफोनवर फरक एवढा असतो की दोन वेगळी मॉडेल्स वाटावीत. चष्मा असेल तर जाड, मऊ पॅडचा आणि डोक्याला बऱ्यापैकी पकडणारा हेडफोन घ्या, आणि मिक्स करताना नेहमी एकाच पद्धतीने घाला. कधी चष्म्यासकट, कधी चष्म्याविना असं केलंत तर बेसची पातळी कधीच ठरणार नाही. पॅड जुने होऊन चपटे झाले, वरचं कातडं सोलवटलं, की सीलही बिघडते आणि ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो. हेडफोन तोच राहतो, पण त्याचा आवाज बदललेला असतो.

गाणाऱ्याला काय ऐकवायचं, याबद्दल हेडफोनच्या चर्चेत फारसं कोणी बोलत नाही, आणि टेकवर परिणाम त्याचाच जास्त होतो. क्लोज्ड हेडफोनने कान झाकले की स्वतःचा आवाज डोक्यातच घुमतो, खालचा भाग फुगलेला वाटतो. मग माणूस ट्रॅकचा आवाज वाढवतो, त्यात स्वतःचा आवाज बुडतो म्हणून जोर लावतो, आणि सूर वर सरकायला लागतो. उलट बाजूने, हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज फार मोठा असेल तर माणूस नकळत हात आखडता घेऊन गातो आणि सूर खाली येतो. टेक बेसूर आला की मी आधी हेडफोनमधला तोल बदलून बघते, गाणाऱ्याला नंतर सांगते. निम्म्या वेळा सांगायची वेळ येत नाही. थोडा रिव्हर्ब फक्त ऐकण्यापुरता दिला तरी बराच आराम पडतो. तुमच्या इंटरफेसच्या मिक्सरमध्ये पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करायची सोय असेल, तर माइकच्या चॅनेलवर ती एकदा दाबून बघा. हाडांतून येणारा आवाज आणि हेडफोनमधला आवाज एकमेकांच्या विरुद्ध ढकलत असतील तर स्वतःचा आवाज पातळ, लांबचा वाटतो. दोन्हींपैकी ज्या स्थितीत तो भरीव वाटेल ती ठेवा.

आता २५० ओहमचा मुद्दा. ओहम म्हणजे दर्जा नव्हे; हेडफोन विजेला किती अडवतो, म्हणजे त्याचा इम्पिडन्स किती, याचं ते माप. एकच मॉडेल वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतं, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो, त्यावरूनच हे लक्षात यावं. फरक पडतो तो चालवणाऱ्या यंत्रामुळे. समजा दोन हेडफोन आहेत, दोन्ही १ मिलिवॉटला ९६ डेसिबल देतात, एक ३२ ओहमचा, दुसरा २५०चा. पहिल्याला १ मिलिवॉट द्यायला सुमारे ०.१८ व्होल्ट लागतात, दुसऱ्याला ०.५. म्हणजे नॉब त्याच जागी ठेवला तर दुसरा जवळपास ९ डेसिबलने हळू वाजेल. ढोबळ हिशेबाने ११० डेसिबलची शिखरं काढायची तर पहिल्याला ०.९ व्होल्ट, दुसऱ्याला २.५. फक्त यूएसबीच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या इंटरफेसमधून २.५ व्होल्ट मिळतीलच असं नाही. मग नॉब शेवटापर्यंत फिरवूनही ड्रमच्या ठोक्याला आवाज फाटतो. स्वतंत्र हेडफोन अँप असेल तर २५० किंवा ३०० ओहम खुशाल घ्या. नसेल तर ३२ ते ८० ओहमच्या टप्प्यात राहा.

याला एक उलटी बाजूही आहे. काही स्वस्त यंत्रांच्या हेडफोन आउटपुटचा स्वतःचाच इम्पिडन्स जास्त असतो, आणि त्याला ३२ ओहमचा हेडफोन लावला तर त्याचा बेस बदलू शकतो. आउटपुटचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा एक जुना ठोकताळा आहे; ३२ ओहमला ४ ओहम किंवा कमी. तुमच्या इंटरफेसच्या माहितीपत्रकात हा आकडा बरेचदा असतो, शोधून बघा. ८० ओहम मला घरच्या कामाला बरा वाटतो तो यामुळेच, तो दोन्हीकडून सांभाळून घेतो. आणि गिटारवाला मित्र सोबत असेल तर एका आउटपुटला वाय-जोडणी (एकाचे दोन करणारी वायर) लावून दोन ३२ ओहमचे हेडफोन जोडले की यंत्राला ते १६ ओहमचे दिसतात, हेही ध्यानात असू द्या.

मिक्सच्या बाबतीत मात्र तुमच्या ओपन-बॅकवाल्या मित्राचं म्हणणं मला अर्धं पटतं. फक्त मिक्ससाठी घ्यायचा असता तर मीही ओपनच सांगितला असता. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७पासूनचा, ३०० ओहमचा हेडफोन आजही त्या कामाला कित्येक जण वापरतात, आणि त्याच्या मधल्या पट्टीवर माझा विश्वास आहे. पण तुम्हाला त्यावर गाता येणार नाही, आणि छोट्या इंटरफेसवर त्याला पुरेसा जोर मिळेलच असंही नाही.

तुमच्या हरवलेल्या बेसचं कारण सांगते. हेडफोन ज्या बाजूला झुकतो, मिक्स त्याच्या उलट बाजूला जातो. फोनबरोबर वापरायचे ब्लूटूथ हेडफोन बरेचदा बेस फुगवून देतात; तुम्ही तो ऐकला, भरपूर आहे असं वाटलं, आणि खाली ओढला. बेस न फुगवणाऱ्या स्पीकरवर मग तो उरलाच नाही. आता बेस कमी असलेला हेडफोन घेतलात तर पुढचे मिक्स घुमणारे होतील. त्यात 'फ्लॅट' (काहीच न फुगवणारा, न दाबणारा) हेडफोन म्हणजे काय, यावरच एकमत नाही. कानाची नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच वाढवते, हेडफोनला ते गृहीत धरावं लागतं, आणि किती धरायचं ते प्रत्येक कंपनी आपापल्या मताने ठरवते. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२नंतर ऐकणाऱ्यांच्या पसंतीवरून हेडफोनचा आवाज कसा असावा याची एक लक्ष्यरेषा काढली, तिचा आधार आता बरेच जण घेतात. तरी खोक्यावरचा '५ हर्ट्झ ते ३५ किलोहर्ट्झ' असला आकडा वाचून काही कळत नाही. या दोन टोकांच्या दरम्यान किती डेसिबलचे चढउतार आहेत हे सांगितल्याशिवाय तो निव्वळ जाहिरात आहे.

हेडफोनवर आणखी दोन गोष्टी फसवतात. स्पीकरवर डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो, किंचित उशिराने आणि किंचित मऊ. हेडफोनवर तो उजव्या कानात येतच नाही. म्हणून एक गिटार पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे हे हेडफोनवर भव्य वाटतं, आणि त्याच वेळी मधला आवाज डोक्याच्या आत अडकल्यासारखा वाटून त्याची पातळी नीट ठरत नाही. मी गाण्याची पातळी ठरवताना मिक्स मोनो करते, म्हणजे डावं-उजवं एकत्र करते, आणि अगदी हळू ऐकते, तेवढं पुरतं. दुसरं रिव्हर्बचं. हेडफोनवर त्याची शेपटी स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे हात राखून टाकला जातो आणि स्पीकरवर गाणं कोरडं वाटतं. आणि बेसच्या बाबतीत ऐकण्याची पातळी एकच ठेवा. हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्येच मोजून दाखवलंय. सकाळी मोठ्याने आणि रात्री हळू असा मिक्स केलात तर दोन वेगळेच मिक्स हातात पडतील.

हे सगळं असूनही तुमच्या परिस्थितीत हेडफोनवर मिक्स करणं मला वाईट वाटत नाही. आवाज शोषणारं काही न लावलेल्या छोट्या खोलीत स्पीकरचा बेस खोलीच ठरवते: ३.४ मीटर लांबीच्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर एका जागी दणकतो आणि दोन पावलं सरकलात की नाहीसा होतो. हेडफोनला हा त्रास नाही. फक्त तो तुमच्या ओळखीचा व्हायला हवा. तुम्हाला पाठ असलेली, चांगली मिक्स झालेली काही गाणी त्यावर रोज ऐका, मिक्स करताना मधूनमधून त्यांच्याकडे वळा, पण त्यांची पातळी तुमच्या मिक्सइतकी खाली आणूनच. हेडफोनचा कल दुरुस्त करणारं करेक्शनचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर हरकत नाही, पण फायनल फाइल काढताना ते बंद करा, नाहीतर तुमच्या हेडफोनची दुरुस्ती सगळ्यांच्या स्पीकरवर जाईल.

आवाजाच्या पातळीचंही सांगते. अमेरिकेच्या एनआयओएसएच या, कामाच्या जागच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ला १ तास, १००ला १५ मिनिटं. क्लोज्ड हेडफोनवर गाताना १००पर्यंत जाणं फार सोपं आहे.

तर घ्यायचं काय? क्लोज्ड, वायरचा, ३२ ते ८० ओहमच्या टप्प्यातला, आणि बेस-ट्रेबल फार फुगवलेले नसलेला. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स या वर्णनात बसतो. एम५०एक्स त्याच घरातला पण बेस थोडा पुढे. सोनी एमडीआर-७५०६ हा १९९१पासूनचा, ६३ ओहमचा; त्यावर चुका, श्वास, सिबिलन्स ('स', 'श'चा शिटीसारखा आवाज) लख्ख ऐकू येतात, पण ट्रेबल टोचतो, त्यामुळे मिक्समधला ट्रेबल खाली ओढायचा मोह होतो, आणि वायर निघत नाही. डीटी ७७० प्रो ८० ओहम तासन्‌तास घालायला सगळ्यांत आरामशीर, मात्र बेस आणि ट्रेबल दोन्ही वर, तेव्हा बेस गायब होण्याची तुमची तक्रार तिथे पुन्हा उद्भवू शकते. सेनहायझर एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज चांगला अडवतो, डोकंही चांगलंच आवळतो. तुमच्या जागी मी असते तर एम४०एक्स घेतला असता, आणि चष्मा असता तर डीटी ७७० घेऊन त्याचा कल पाठ केला असता.

पैसे देण्याआधी त्या मॉडेलचे पॅड सुटे मिळतात का ते विचारून घ्या. वायर निदान ३ मीटरची असू द्या, कारण माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये जितकं अंतर ठेवाल तितका पंख्याचा आवाज टेकमध्ये कमी येईल. गुंडाळीची वायर गाताना खांद्याला ओढ देते, गिटार हातात असेल तर जास्तच. सरळ वायर घ्या आणि माइकच्या स्टँडला तिचा एक वेढा द्या.